वही, पेन आणि स्पेसबार: जुने आरपीजी पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसाठी

२००५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जळगावला आत्याकडे गेले होते. आतेभावाच्या खोलीत एक असेम्बल्ड पीसी होता आणि त्याच्या शेजारी पाच सीड्यांची चळत. प्रत्येकीवर मार्करने नुसता आकडा: १, २, ३, ४, ५. तो बाल्डर्स गेट होता, एक आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम: एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या भूमिकेत शिरून गोष्ट खेळायची. दादाने खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "बस, खेळून बघ." मी जादूगार निवडला, कारण त्याचं चित्र आवडलं. गावाची वेस ओलांडली आणि पहिल्याच लांडग्याने माझा निकाल लावला. पुन्हा लोड केलं. पुन्हा तोच लांडगा. संध्याकाळपर्यंत मी त्या एका रस्त्यावर इतक्या वेळा मेले की आत्याने आतून विचारलं, "अगं, नक्की काय चाललंय?" दादाला विचारलं की आपण चुकतोय कुठे, तर तो म्हणाला, "याच्याबरोबर एक पुस्तक येतं म्हणे. आपल्याकडे नाही ते."

ते पुस्तक मला खूप वर्षांनी मिळालं. गेम रीतसर विकत घेतला तेव्हा त्याच्यासोबत मॅन्युअलची पीडीएफ आली. त्या रात्री गेम सुरूच केला नाही, वाचत बसले. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा जीव एवढासा का, चिलखताचा आकडा कमी झाला की ते चांगलं का, मंत्र एकदा वापरला की झोपल्याशिवाय परत का मिळत नाही, सगळं तिथे सविस्तर लिहिलेलं होतं. कॉपी केलेल्या सीड्यांमधून आमच्यापर्यंत अर्धाच गेम पोचला होता. उरलेला अर्धा कागदावर होता.

म्हणून हा लेख. कुणी २०२३ चा बाल्डर्स गेट ३ खेळून मागे वळून बघतंय, कुणी मोठ्या भावंडांकडून ऐकलंय, कुणी माझ्यासारखं तेव्हा अर्ध्यावर सोडलंय. तुम्ही यांपैकी कुणीही असा, आज हे गेम खेळायला घेताना तो कागदावरचा अर्धा भाग हातात ठेवून बसा, एवढंच माझं मागणं आहे.

पायरी १: सुरुवात कुठून करायची

सुरुवात अगदी पहिल्या गेमपासून करू नका. या गेमचं मूळ कागदावरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आहे, जो १९७४ साली आला. टेबलाभोवती चार-सहा जण बसायचे, एक जण गोष्ट पुढे न्यायचा आणि फासे टाकून निकाल लागायचा. १९८१ मध्ये अल्टिमा आणि विझर्ड्री या दोन गेमनी तो प्रकार घरच्या संगणकावर रुजवला. तेव्हाची चित्रं म्हणजे चार रेघा आणि काही ठोकळे. विझर्ड्रीत तर भुयाराचा नकाशा खेळणाऱ्याने स्वतः चौकटीच्या कागदावर काढायचा, नाहीतर वाट सापडायची नाही. हे सगळं मोलाचं आहे, पण नवख्याने तिथून सुरुवात केली तर आठवड्याभरात कंटाळा येईल.

नव्या माणसासाठी मी १९९७ ते २००० हा काळ सुचवते. त्यातले तीन गेम डोळ्यांपुढे ठेवा.

बाल्डर्स गेट, १९९८. बायोवेअरने केलेला. सहा जणांची टोळी, मोठा प्रदेश, वरून तिरकं दिसणारं हाताने रंगवल्यासारखं जग. बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी. पुढच्या पायऱ्या मी याच गेमला धरून सांगितल्या आहेत.

फॉलआउट, १९९७. इंटरप्लेचा. अणुयुद्धानंतरचं दक्षिण कॅलिफोर्निया, एकटा माणूस, पाळीपाळीने चालणारी लढाई. आटोपशीर आहे. नोकरी सांभाळून महिन्याभरात काहीतरी पुरं करायचं असेल तर हा घ्या.

प्लेनस्केप टॉरमेंट, १९९९. ब्लॅक आइलचा. वाचनाची गोडी असेल तर हा. यात तलवार कमी आणि संवाद फार. कित्येक कादंबऱ्या भरतील एवढा मजकूर आहे.

पायरी २: विकत घेणं आणि चालू करणं

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. स्टीम आणि जीओजी या दोन्ही ऑनलाइन दुकानांत हे गेम मिळतात. मी जीओजी सुचवते. पोलंडमधलं हे दुकान २००८ मध्ये जुने गेम आजच्या मशिनवर चालते करून विकण्यासाठीच सुरू झालं. तिथून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, नंतर इंटरनेट लागत नाही, आणि बऱ्याच गेमसोबत मूळ मॅन्युअलची पीडीएफ मिळते. वर्षातून बऱ्याचदा सेल लागतो. घाई नसेल तर थांबा.

बाल्डर्स गेटची बीमडॉग कंपनीने केलेली एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, २०१२ मध्ये आली. तीच घ्या. मोठ्या स्क्रीनवर नीट दिसते आणि कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालते. अँड्रॉइड टॅबलेट आणि आयपॅडवरही आहे. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र अक्षरं वाचवत नाहीत, आणि जिथे सगळी मजा वाचण्यात आहे तिथे डोळे ताणून खेळण्यात अर्थ नाही.

पुढे कधी विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातले गेम घेतलेत तर ते डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्राममधून चालतात. जीओजीवर तो गेमसोबतच येतो. तीन गोष्टी लक्षात ठेवा: गेम वाऱ्यासारखा पळायला लागला तर कंट्रोल आणि एफ-११ दाबून वेग कमी करा, रेंगाळला तर कंट्रोल आणि एफ-१२ ने वाढवा, आणि माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ-१० ने सोडवा.

पायरी ३: आधी मॅन्युअल, मग वही

आता मुद्द्याची गोष्ट. आजच्या गेममध्ये पहिला अर्धा तास गेमच तुम्हाला बोट धरून शिकवतो. तेव्हा ते काम मॅन्युअल करायचं आणि बनवणारे ते गृहीत धरूनच गेम रचायचे. कधी कधी गेमचा मजकूरच कागदावर असायचा, कारण फ्लॉपीवर जागा पुरत नसे. १९८८ च्या पूल ऑफ रेडियन्समध्ये स्क्रीनवर फक्त एवढंच यायचं की जर्नलमधली अमुक क्रमांकाची नोंद वाचा. मग खेळणारा पुस्तिका उघडून ती नोंद शोधायचा. त्याच वर्षीच्या वेस्टलँडमध्येही अशी परिच्छेदांची पुस्तिका होती आणि तिच्यात काही परिच्छेद मुद्दाम खोटे घातले होते. आधीच पानं चाळून गुपित काढू पाहणाऱ्याला मंगळावरच्या लोकांची एक अख्खी भलतीच गोष्ट वाचायला मिळायची! मला ही युक्ती मनापासून आवडते. बनवणाऱ्यांनी आपल्या खेळणाऱ्यांचा स्वभाव किती ओळखला होता ते त्यातून दिसतं.

बाल्डर्स गेटच्या मॅन्युअलमध्ये प्रदेशाचं वर्णन व्होलो नावाचा एक भटका लेखक करतो आणि एल्मिन्स्टर नावाचा म्हातारा जादूगार मध्ये मध्ये त्याच्या चुका काढतो. फॉलआउटचं मॅन्युअल बंकरमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला सरकारी सूचना द्याव्यात तसं लिहिलंय आणि शेवटी चक्क पाककृती आहेत. नियम शिकवता शिकवता ही पुस्तकं तुम्हाला त्या जगात नेऊन बसवतात.

सगळं मॅन्युअल पाठ करायचं नाही. पहिल्या बैठकीत वर्गांची, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पात्रांच्या प्रकारांची माहिती, लढाईचे नियम आणि पहिल्या लेव्हलचे मंत्र एवढं वाचा. तासभर लागेल.

मग एक वही घ्या. शंभर पानी, साधी. गेममध्ये स्वतःची डायरी असते, पण ती तुम्हाला काय वाटलं ते लिहीत नाही. मी वहीची डावी बाजू माणसांसाठी ठेवते आणि उजवी जागांसाठी. कोण, कुठे उभा होता, काय मागितलं, काय कबूल केलं. कुठली पेटी उघडली नाही, कुठल्या गुहेतून पळून आलो. माझ्या वहीतल्या एका पानावर फक्त एवढंच आहे: "पुलाजवळ जाऊ नये, अजून." त्या 'अजून' मध्ये काय आनंद असतो ते दोन आठवड्यांनी पुलाजवळ परत जाल तेव्हा कळेल.

भाषेबद्दलही सांगते. या गेमचं इंग्रजी जड आहे, जुन्या वळणाचं आहे आणि मराठीत ते उपलब्ध नाहीत. मी मराठी माध्यमातली. टॅव्हर्न म्हणजे दारूचा गुत्ता, बाउंटी म्हणजे एखाद्याच्या डोक्यावर लावलेलं इनाम, क्लेरिक म्हणजे देवाचा माणूस, हे सगळं मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकले. वहीची शेवटची पानं शब्दांसाठी राखा. अडलेला प्रत्येक शब्द शोधू नका, पण तोच शब्द तिसऱ्यांदा आला की शोधा.

पायरी ४: आपलं पात्र तयार करणं

बाल्डर्स गेट सुरू केला की आधी पात्र घडवायचं. इथेच निम्मे लोक घाबरतात, कारण गेम अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो आणि ते नियम उलटे वाटतात.

पहिला उलटा नियम आर्मर क्लासचा. आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त. अंगावर काहीच नसेल तर १०, लोखंडी पत्र्याचं चिलखत चढवलं की ३. शून्याच्या खालीही जातो आणि तिथे गेला की समजा तुम्हाला वार लागणं अवघड.

दुसरा थॅकोचा. टू हिट आर्मर क्लास झीरो याचं ते लघुरूप. म्हणजे आर्मर क्लास शून्य असलेल्या शत्रूला लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत तो आकडा. पहिल्या लेव्हलला तो २० असतो. समजा समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास ७ आहे. २० मधून ७ वजा करा, उरले १३. फाशावर १३ किंवा जास्त पडले तर वार लागला, म्हणजे वीसपैकी आठ वेळा. निम्म्याहून जास्त वार हवेत जाणार! पहिल्या लेव्हलला तुमचा योद्धा तलवार फिरवत राहतो आणि काहीच होत नाही, त्याचं कारण हे. गेम बिघडलेला नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. लेव्हल वाढली की थॅको उतरतो आणि वार लागायला लागतात.

हे दोन आकडे कळले की बाकीचं हळूहळू जमतं.

पहिल्यांदा खेळताना फायटर, म्हणजे योद्धा घ्या, ह्यूमन (माणूस) किंवा ड्वॉर्फ (ठेंगण्या, काटक वंशाचा). जादूगाराचा मोह मलाही झाला होता. पण पहिल्या लेव्हलला जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, चार ते सहा असतात. लांडग्याचे दोन चावे, की खेळ खलास. जादूगार तुम्हाला वाटेत सोबती म्हणून मिळतीलच. स्वतः मागे मरून पडण्यापेक्षा पुढे उभं राहणारं कुणीतरी व्हा.

ताकद, चपळाई, काटकपणा अशा सहा गुणांचे आकडे फासे टाकून येतात. हवे तितक्या वेळा पुन्हा टाकता येतात आणि चांगली बेरीज आली की स्टोअर बटणाने जपून ठेवता येते. ऐंशीच्या पुढे बेरीज आली की पुरे. काही जण तासन्‌तास फासे टाकत बसतात. तुम्ही नका बसू. फायटरसाठी स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन या तिघांत जमेल तेवढं भरा. आणि तलवारीबरोबर धनुष्य चालवण्याचं कौशल्यही नक्की घ्या. सुरुवातीला लांबून मारणारा जगतो, जवळ जाणारा मरतो.

डिफिकल्टी नॉर्मलवर ठेवा. अगदी नकोच लढाई, फक्त गोष्ट हवी असं असेल तर एन्हान्स्ड एडिशनमध्ये स्टोरी मोड आहे. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही.

पायरी ५: पहिली संध्याकाळ

गेम कॅन्डलकीपमध्ये सुरू होतो. समुद्रकाठच्या कड्यावर बांधलेला हा ग्रंथालयाचा किल्ला. आत शिरायचं असेल तर भेट म्हणून एक दुर्मीळ ग्रंथ द्यावा लागतो. तुमचं पात्र इथेच लहानाचं मोठं झालंय.

आल्या आल्या वेशीकडे धावू नका. एक चक्कर मारा. हिरव्या झग्यातले भिक्षू उभे आहेत, ते प्रत्येक बटणाची माहिती देतात. कोठाराचा रखवालदार उंदीर मारायला सांगेल. द्रेपिन नावाचा गडी त्याच्या नेसा या आजारी गायीसाठी औषध आणायला सांगेल. एका बाईचं पुस्तक हरवलंय, ते गवताच्या गंजीत सापडेल. ही कामं किरकोळ आहेत, पण त्यातून चार पैसे मिळतात, थोडा अनुभव मिळतो आणि माणसांशी बोलायची सवय लागते. मला अजूनही प्रत्येक वेळी आधी नेसाला औषध नेऊन द्यायला आवडतं. पुढच्या पन्नास तासांत जगावर काय काय कोसळतं, पण सुरुवात एका गायीच्या दुखण्यापासून होते आणि ते दुखणं तुमच्यावर सोपवलेलं असतं.

एखाद्या खोलीत कुणी अनोळखी माणूस तुमच्या अंगावर धावून आला तर घाबरू नका. स्पेसबार दाबा.

स्पेसबार हेच या गेममधलं सर्वांत मोठं शस्त्र. दाबला की सगळं जग थांबतं. थांबलेल्या जगात सगळ्यांना शांतपणे हुकूम द्या, मग परत दाबा. दोन सेकंद बघा. पुन्हा थांबवा. सेटिंगमध्ये ऑटो-पॉज नावाचा भाग आहे. तिथे 'शत्रू दिसला' आणि 'शस्त्र निकामी झालं' या दोन्हींवर खूण करा, म्हणजे गेम आपोआप थांबेल. शस्त्र निकामी कसं होतं? या प्रदेशातलं लोखंड खराब झालंय आणि साध्या तलवारी ऐन लढाईत मोडतात. गोष्टीचं कोडंच ते आहे. म्हणून दुकानातून एक जादा शस्त्र प्रत्येकाच्या पाठीवर असू द्या.

बाकी सामान: बाण भरपूर, प्रत्येक पुढच्या माणसाला जमेल तेवढं चांगलं चिलखत आणि शिरस्त्राण.

कॅन्डलकीपबाहेर पडल्यावर पहिल्या रात्री जे घडतं ते सांगत नाही. त्यानंतर तुमची मैत्रीण इमोएन तुमच्याबरोबर येईल. तिला घ्याच. कुलपं उघडणं, सापळे ओळखणं, धनुष्य चालवणं ही कामं तिची. पुढे रस्त्यावर आणखी दोघे भेटतील, एक तिरसट आणि एक वेडसर. घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मात्र दुष्ट आणि सज्जन एकाच टोळीत ठेवलेत तर कुरबुर होते आणि कधी आपसात तलवारीही निघतात.

आता सरळ फ्रेंडली आर्म या सरायीकडे निघा. पूर्वेला मोठा रस्ता लागतो, तिथून उत्तरेला. वाटेत रानात भटकू नका. तुमच्या पालक गोरिऑनने सांगितलेले खालिद आणि जहेरा हे नवरा-बायको सरायीत वाट पाहत आहेत. हे दोघे मिळाले की टोळीला कणा येतो.

पण सरायीच्या पायऱ्यांवर एक माणूस उभा आहे. टार्नेश. गोड बोलून तुमची ओळख विचारतो आणि मग मंत्र म्हणायला लागतो. तुमच्या डोक्यावर इनाम आहे. या एका माणसाने जगभरातल्या किती नवख्यांना इथे संपवलं असेल! तो आधी स्वतःच्या चार-पाच प्रतिमा उभ्या करतो, मग तुमच्या लोकांना भीतीचा मंत्र घालतो, तुमची माणसं सैरावैरा पळतात आणि तो एकेकाला टिपतो.

यावर उपाय आहे. पायऱ्या चढायच्या आधीच गेम सेव्ह करा. सगळ्यांना एका जागी उभं करू नका, पसरवा. ज्यांना जमेल त्यांच्या हातात धनुष्य किंवा गोफण द्या. बोलणं संपल्याबरोबर स्पेसबार. सगळ्यांना एकाच वेळी त्याच्यावर बाण सोडायला सांगा. नियम असा की मंत्र म्हणता म्हणता मार लागला तर मंत्र तुटतो. प्रतिमा उभ्या राहिल्याच तर एकेक बाणाने त्या फुटत जातात, धीर सोडू नका. आवारात पहारेकरी आहेत, तेही मदतीला येतात. तरी मेलात तर लोड करा आणि उभं राहायच्या जागा बदला. माझ्याकडून पहिल्यांदा तो पडला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी आणि दादाने आवाज न करता टाळी दिली होती, कारण घर झोपलं होतं.

आत जा, खोली घ्या, झोपा. आठ तासांच्या झोपेनंतर वापरलेले मंत्र परत मिळतात. उघड्यावर झोपलात तर मध्येच कुणी हल्ला करू शकतं, सरायीत तो धोका नाही. टोळीत जादूगार असेल तर त्याच्या मंत्रांच्या वहीत पहिला मंत्र स्लीप, म्हणजे शत्रूला झोपवणारा, ठेवा. पहिल्या लेव्हलच्या लढाया तो एकटा जिंकून देतो: लांडगे, लुटारू, हॉबगॉब्लिन सगळे आडवे. एल्फ आणि भुताखेतांवर मात्र चालत नाही.

पहिली संध्याकाळ इथे संपवा. पुढे दक्षिणेला बेरेगोस्ट, मग नॅशकेल आणि तिथल्या खाणी. नॅशकेलला मिन्स्क नावाचा धिप्पाड योद्धा भेटेल, त्याच्या खिशात बू नावाचा हॅमस्टर असतो. त्याला सोबत घेतलंत तर त्याचं काम आधी करा, तो फार थांबत नाही.

पायरी ६: सेव्ह

बाल्डर्स गेटमध्ये क्यू दाबलं की क्विकसेव्ह होतं. जळगावला तेव्हा भारनियमन होतं. वेळापत्रक भिंतीवर लावलेलं, पण वीज त्याआधीच जायची. यूपीएस ओरडायला लागला की हात आपोआप क्यूवर. त्या सवयीने मला आजतागायत वाचवलंय. प्रत्येक दाराआधी, प्रत्येक अनोळखी माणसाशी बोलायच्या आधी सेव्ह करा. फक्त क्विकसेव्हवर विसंबू नका. वेगळ्या नावाने चार-पाच सेव्ह ठेवा, कारण मरायच्या अर्ध्या सेकंदाआधी केलेला एकुलता एक सेव्ह कुणालाच उपयोगी पडत नाही. फॉलआउटमध्ये हेच काम एफ-६ करतं आणि एफ-७ ने परत लोड होतं.

पायरी ७: अडकलात तर

आधी वही उघडा. दहापैकी सहा वेळा उत्तर तिथेच असतं: कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि आपण विसरलेलो असतो. मग लढाईची पद्धत बदला. मग ती जागा सोडून दुसरीकडे जा आणि एक लेव्हल वाढवून परत या. तरीही नाही जमलं, तर इंटरनेटवर तेवढ्याच एका अडचणीचं उत्तर शोधा आणि पान बंद करा. संपूर्ण वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं क्रमाने सांगणारं पान, शेजारी उघडून खेळू नका. कोडं आपल्याला सुटलं याचा आनंद तो पहिल्याच पानावर घेऊन टाकतो, आणि तो आनंद परत मिळत नाही.

बाकीच्या गेमबद्दल थोडं

फॉलआउट. बंकरमधली पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलीय आणि नवी आणायला तुमच्याकडे १५० दिवस आहेत. प्रवासात आणि विश्रांतीत दिवस जातात, तेव्हा उगाच झोपू नका. पुढे हब नावाच्या गावात पाण्याचा तांडा बंकरकडे पाठवायची सोय करता येते, त्याने मुदत वाढते. सात गुणांपैकी अॅजिलिटी आणि इंटेलिजन्स जास्त ठेवा: पहिल्याने लढाईत जास्त हालचाली मिळतात, दुसऱ्याने कौशल्यं लवकर वाढतात. स्मॉल गन्स, स्पीच आणि लॉकपिक ही तीन कौशल्यं टॅग करा, म्हणजे आपली खास म्हणून निवडा. व्हॉल्ट १५ या दुसऱ्या बंकरला जाताना वाटेतल्या शेडी सॅण्ड्स गावातून दोर घ्या, नाहीतर तिथे पोचून खाली उतरता येणार नाही. मी अख्खा रस्ता परत आले होते. त्याच गावात लोकांच्या तोंडी 'धर्म' हा शब्द ऐकाल तेव्हा दचकाल, पण तुम्ही बरोबरच ऐकलंय.

प्लेनस्केप टॉरमेंट. शवागारात जाग येते, आपण कोण ते आठवत नाही, आणि एक तरंगती कवटी बडबड करत असते. ताकद वाढवायचा मोह टाळा. विज्डम, इंटेलिजन्स आणि करिश्मा यांत गुण घाला, म्हणजे संवादांची दारं उघडतील. इथे मरण हा शेवट नसतो, तेव्हा मरायला भिऊ नका. रोज एक तास, पुस्तक वाचावं तसा खेळा.

आणि हे सगळं झाल्यावर कधीतरी अल्टिमा ४ उघडा. १९८५ चा, रिचर्ड गॅरियटचा, जीओजीवर फुकट आहे. यात मारायला मोठा खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं, हेच ध्येय. शब्द आपलाच. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे, पैसे तुम्ही मोजून द्यायचे. कमी दिलेत तर ती काही बोलत नाही, पण तुमचा प्रामाणिकपणा घटतो. प्रत्येक सद्गुणाचं एक देऊळ आहे आणि तिथे बसून मंत्र म्हणायचा. अध्यात्माच्या देवळातला मंत्र आहे 'ओम'. अमेरिकेत ॲपल टू या जुन्या संगणकावर बनलेल्या गेममध्ये तो टाइप करताना माझ्या अंगावर काटा आला होता. यात माणसांशी बोलताना शब्द टाइप करावे लागतात, आणि कुणी कुठला शब्द सांगितला ते गेम लक्षात ठेवत नाही. तोवर वहीची सवय लागलेली असेल, म्हणून हा गेम मी शेवटी सांगितला.

आता परत फ्रेंडली आर्मकडे. वरच्या मजल्यावर एक उमराव तुम्हाला नोकर समजेल आणि धुवायला म्हणून सोनेरी विजार हातात देईल. तिचा काही उपयोग दिसत नाही, वजन होतं, आणि दुकानदार पैसे द्यायला तयार असतो. विकू नका. बाल्डर्स गेट संपल्यावर शेवटचा सेव्हही पुसू नका, कारण तेच पात्र २००० सालच्या दुसऱ्या भागात नेता येतं आणि विजारही त्याच्यासोबत जाते. दुसऱ्या भागाच्या पुरवणीत, थ्रोन ऑफ भालमध्ये, तिचं काम निघतं. काय ते वहीत स्वतःच लिहा.